लाल गोल आणि शालन आक्का

हे लिहायचा मला अधिकार आहे का, ते अजून नीट कळलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडील मेंढरं राखायचे, आता थोडी डाळिंबं करतात. आई सही करायला शिकली तीही अलीकडे. माझं आजवरचं लिहिणं म्हणजे परीक्षेतली उत्तरं आणि एम.ए.चा एक प्रकल्प. एखाद्यावर लिहायचं तर त्या माणसाबद्दल माया असावी लागते, असं आम्हाला वर्गात सांगितलं होतं. माया माझ्याकडे आहे. पण खरं सांगायचं तर पेन हातात घ्यायला लावलं ते रागानं. वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. आणि या लेखात मी एकही उपशीर्षक दिलेलं नाही, ते मुद्दाम.

शालन आक्कांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान पलूसच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहे. चार पायऱ्या चढून जायचं. आत एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर, एक प्लास्टिकचं स्टूल. भिंतीवर यमाईचं कॅलेंडर, कारण त्यांचं माहेर औंध. कॅलेंडरशेजारी प्रबंध कसा सादर करावा याचे विद्यापीठाचे नियम, चार पानं, चिकटपट्टीनं डकवलेली. ती पिवळी पडली होती, आणि आक्कांना त्यांच्याकडे बघायची गरज कधीच पडत नसे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा प्रकल्प परत आलेला होता. मेंढपाळांच्या बोलण्यातले शब्द, असा विषय. ऐंशी पानं. वडिलांबरोबर, चुलत्यांबरोबर, रानात बसून गोळा केलेले शब्द. आमच्या सरांनी तो चार दिवसांनी परत दिला. प्रत्येक शीर्षकाभोवती लाल गोल होता. मजकुरावर एक खूण नाही. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘शीर्षके नियमानुसार नाहीत. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.’

सरांचं नाव मी लिहीत नाही. आक्काही घेत नसत. सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक पारदर्शक पट्टी असायची. प्रकल्प हातात आला की ते ती काढत, पानाच्या वरच्या कडेपासून शीर्षकापर्यंतचं अंतर मोजत, मग शीर्षकापासून पहिल्या ओळीपर्यंतचं. पान उलटत. पुन्हा मोजत. त्यामुळं आक्का त्यांना ‘पट्टीवाला’ म्हणत.

मी पानं टेबलावर ठेवली. आक्कांनी मान वर केली नाही.

“पट्टीवाल्याकडनं आलास न्हवं?”

“व्हय. पर तुमाला कसं कळलं?”

“तुझं तोंड बघितलंच न्हाई मी अजून. पान बघितलं. गोल त्यानंच काढावं. कंपास घिऊन काढल्यागत.” मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. “बस. रडू नगंस.”

मी रडत नव्हतो. पण बसलो.

त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि मला स्क्रीन दाखवली. मी प्रत्येक शीर्षक हातानं मोठं केलं होतं, स्पेसबार दाबून दाबून मधे आणलं होतं. कुठं पंधरा स्पेस, कुठं सतरा.

“हे बघ. शीर्षकं म्हंजे तीन भाऊ. थोरला, मधला, धाकटा. थोरला मधोमध बसतो, त्याला नवीन पान लागतं. मधला डाव्या भिंतीला टेकून. धाकटाबी तितंच, पर अंगानं बारीक. कोण थोरला आन् कोण धाकटा हे मशीनला एकदा सांगायचं. मग ती ऐंशी पानांत इसरत न्हाई. तू काय केलंस? दर पानाला नवी वाटणी केलीस. भांडणं व्हनारच.”

अर्ध्या तासात माझी सगळी शीर्षकं जागेवर बसली. अनुक्रमणिका आपोआप तयार झाली, पान क्रमांकांसकट. मला जादू वाटली. मी उठायला लागलो तर त्या म्हणाल्या, “थांब की. ‘वाघुर’ म्हंजे काय रं?”

मी सांगितलं, मेंढरं रात्री बसवायला जी जाळी लावतात ती.

“जाळी कशाची?”

“सुताची. आमची आज्जी इनायची.”

“मग ते लिव्ह की त्यात! नुसती जाळी म्हटल्यावर मला मासं धरायची वाटली.”

ऐंशी पानं लिहून तीन महिने झाले होते. त्यातल्या एका शब्दाबद्दल कुणीतरी मला पहिल्यांदा विचारलं होतं.

जाताना त्यांनी माझ्या जुन्या प्रतीतलं एक पान मागून घेतलं, लाल गोलाचं. ते भोकं पाडून एका जाड फाइलमध्ये लावलं. त्या फाइलमध्ये सरांनी परत केलेल्या प्रबंधांची, प्रकल्पांची पानं होती. सालवार, नाव आणि विषय कोपऱ्यात पेन्सिलीनं. दुकान सुरू केल्यापासूनची. मला वाटलं, कामाच्या सोयीसाठी ठेवत असतील. मी भाबडा होतो.

फाइल कशासाठी आहे ते मला वैशालीच्या वेळी कळलं. वैशाली माझ्या वर्गातली, कुंडलची. तिचा प्रकल्प दुसऱ्यांदा परत आला, कारण मधल्या शीर्षकांखाली रेघ होती. ती हुंदके देतच दुकानात आली. आक्कांनी फाइल काढली, थोडी पानं मागं गेल्या, आणि एका पानावर बोट ठेवलं. दोन वर्षांपूर्वी सरांनी एका मुलाचा प्रकल्प परत केला होता, कारण मधल्या शीर्षकांखाली रेघ नव्हती. तोच लाल गोल, तीच सही.

“झेरॉक्स देते दोन्हींची. वर टाचणीनं लाव. काय बोलू नगंस. नुसतं टेबलावर ठेव.”

“सर चिडलं तर, आक्का?”

“चिडू दे की. चिडायला काय नियम लागतोय?”

वैशालीनं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं सांगितलं ते असं. सरांनी दोन्ही पानं बघितली. पट्टी खिशात ठेवली. पुन्हा काढली. मग म्हणाले, “नियम विकसित होत असतात.” आणि सही केली.

आक्का पंधरा दिवस हसत होत्या. झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला की म्हणायच्या, “विकसित व्हतंय.” चहा सांडला, विकसित. त्यांचे मालक बापू सैन्यातून निवृत्त झालेले, द्राक्षाची बाग बघतात. ते दुपारी डबा घेऊन यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, “आमची बायको दिवसभर दुसऱ्याच्या डोक्याव टोप्या बसवती. माझी टोपी वाकडी हाय ती दिसत न्हाई तिला.”

“तुमची टोपी नियमात बसत न्हाई,” आक्का म्हणायच्या.

त्यांचं बोलणं असं हलकं असलं तरी हात हलका नव्हता. सरांकडून आलेल्या पोरापोरींचं काम त्या आधी घेत. एक शीर्षक, दोन शीर्षकं, तीनशे शीर्षकं. एकही परत येता कामा नये. “त्याला सही करायला लावायची,” म्हणत. “सही करताना त्याचं तोंड कसं व्हतंय ते बघून या आन् मला सांगा.” आम्ही सांगायचो. थोडं वाढवूनही सांगायचो.

आणि तरी, सरांच्या घरच्या लग्नाची पत्रिका त्यांच्याकडेच आली तेव्हा त्यांनी ती इतकी निगुतीनं केली, की मी विचारलं, “आक्का, एखादं अक्षर इकडं तिकडं...” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पत्रिका खाली ठेवली. “पोरीचं लगीन हाय ते. तिनं काय केलंय माझं? त्याचं आन् माझं कागदावर हाय. कागदावरच फिटलं पायजे.”

काय फिटायचं होतं ते त्यांनी मला सलग कधीच सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं कळलं.

आक्का औंधच्या. वडील सैन्यात हवालदार. त्यांच्या गल्लीत प्रत्येक दोन घरांआड एक माणूस फौजेत. एम.फिल.ला त्यांनी विषय घेतला सैनिकांच्या पत्रांचा. घरोघर जाऊन पेट्या उघडायला लावल्या, आंतरदेशीय पत्रं उतरवून घेतली. सीमेवरून गड्यांनी बायकांना, आयांना, भावांना लिहिलेली. ‘बैलाच्या पायाला तेल लावा.’ ‘पोरीचं नाव मी येईस्तोवर ठेवू नका.’ कुंडलच्या एका घरात एका शिपायाची पत्रं त्यांना इतकी आवडली, की त्या तीन वेळा तिथं गेल्या. तो शिपाई पुढं त्यांचा नवरा झाला. “मजकूर आदी वाचला, माणूस मागनं बघितला,” त्या म्हणायच्या. बापू लाजायचे.

मार्गदर्शक हेच सर. तेव्हा तरुण होते. पट्टी तेव्हाही होती.

प्रबंध टाइपरायटरवर केलेला. शीर्षक मधे आणायचं तर अक्षरं मोजायची, निम्मी करायची, पानाच्या मध्यापासून तेवढ्या जागा मागं सरकायचं आणि मग बडवायचं. एकशेचाळीस पानं त्यांनी स्वतः बडवली. सरांनी पहिल्यांदा परत केला : शीर्षके ठळक नाहीत. टाइपरायटरला ठळक कुठलं असणार? आक्का पुन्हा बसल्या, प्रत्येक शीर्षकावर तेच अक्षर दोनदा मारलं. सरांनी दुसऱ्यांदा परत केला : उपशीर्षकांखाली रेघ हवी. त्यांनी रेघा मारल्या. तिसऱ्यांदा परत केला : प्रकरणाचे शीर्षक पानाच्या एक तृतीयांश उंचीवर हवे. ते खाली आणलं की मजकूर खाली सरकणार, सगळी पानं पुढं जाणार. म्हणजे सगळं पुन्हा. ते होईपर्यंत मुदत संपली. कॉलेजात तासावर शिकवायला घेणार होते, त्यांना एम.फिल. झालेली माणसं हवी होती. ती जागा दुसऱ्याला गेली. आक्कांकडे शिल्लक राहिलं टाइपिंग.

हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “लय वाईट झालं, आक्का.”

त्या म्हणाल्या, “वाईट ते न्हाई रं. वाईट हे की, मला वाटायचं खालचं चांगलं नसंल. माणूस वाचतो, आवडत न्हाई, तोंडावर सांगवत न्हाई, म्हणून शीर्षकावर ढकलतो. मला वाटायचं, सर मायेनंच तसं करत आसतील.”

इतकी वर्षं त्यांना ते तसंच वाटत होतं. ते संपलं त्या दिवशी मी दुकानातच होतो.

दिवाळीनंतरची दुपार होती. सरांच्याच हाताखाली पूर्ण झालेला एक प्रबंध कुणीतरी बाइंडिंगला आणून टाकला होता. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षशेतीबद्दल. सरांची सही झालेली : ‘हा प्रबंध मी काळजीपूर्वक वाचला असून...’ आक्का हाताखालून जाणारं सगळं वाचायच्या, ती त्यांची खोडच होती. वाचता वाचता त्या थांबल्या. मला म्हणाल्या, “हिकडं ये. ह्ये काय लिवलंय बघ.”

शीर्षक होतं, ‘सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागांची वाढ’. सुंदर, नियमात, ठळक. खाली मजकूर सगळा नाशिकचा. कुठून तरी उचललेला, नावंही बदललेली नव्हती. पुढचं पान नाशिक. त्याच्या पुढचं नाशिक. चौदा पानं नाशिक.

“वर सांगली, खाली नाशिक,” आक्का हळू म्हणाल्या. “आन् सही हाय.”

मी हसलो. मला ते विनोदी वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सरांच्या सहीवर अंगठा ठेवला आणि तो तसाच राहिला.

“म्हंजे तो वाचतच न्हाई. कुणाचंच. कवाच.” मग अंगठा उचलून, “म्हंजे माझंबी वाचलं न्हाई.”

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर त्यांचं वागणं नेहमीसारखंच होतं. पण ‘विकसित’ हा शब्द त्यांनी पुन्हा वापरला नाही. पूर्वी त्या सरांना चिडवत होत्या. त्या दिवसापासून त्या वाट बघत होत्या. काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की त्यांना एक गोष्ट हवी होती : त्या माणसानं त्यांचं लिहिलेलं एकदा वाचावं.

आणि मग गौरवग्रंथ आला.

सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. माजी विद्यार्थ्यांनी समिती केली. प्रत्येकानं एक लेख द्यायचा, ग्रंथ छापायचा, समारंभात वाटायचा. अक्षरजुळणीचं काम आक्कांकडे, कारण गावात नियमातली शीर्षकं दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. समितीचे कार्यवाह एक हायस्कूलचे शिक्षक होते. ते येऊन म्हणाले, “आक्का, लेख जसे येतील तसे लावा. मला बघायला वेळ नाही. सर स्वतः प्रुफं बघणार आहेत. शीर्षकं त्यांच्या मनासारखी पाहिजेत, बाकी काही नाही.”

“बाकी काय न्हाई?” आक्कांनी विचारलं.

“बाकी काय असणार?”

तीस लेख आले. मी प्रुफं वाचायला मदत करायचो. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायचो आणि त्या स्क्रीनवर बघायच्या. एकतिसावा लेख मी उचलला तर तो हस्ताक्षरात नव्हता, टाइपरायटरवरचा होता. पिवळी पानं. शीर्षकांची अक्षरं दोनदा मारलेली. वर नाव होतं ते आक्कांचं माहेरचं.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“वाच की,” त्या म्हणाल्या. “मीबी विद्यार्थीच हाय न्हवं त्यांची?”

मी वाचलं. सैनिकांच्या पत्रांवरचं एक प्रकरण, अक्षरशः जसंच्या तसं. इतकं चांगलं लिहिलेलं मी आमच्या अभ्यासक्रमातसुद्धा फार वाचलेलं नाही. शेवटी नवा एक भाग जोडलेला होता, मधल्या भावाचं शीर्षक देऊन : ‘या लेखनाची वाटचाल’. त्यात कुठंही शिवी नव्हती. पहिल्यांदा कशासाठी परत केला, दुसऱ्यांदा कशासाठी, तिसऱ्यांदा कशासाठी. मुदत कधी संपली. फाइलमधल्या पानांचा दाखला : कुणाला रेघ आहे म्हणून परत, कुणाला नाही म्हणून. आणि शेवटचं वाक्य : ‘एकशेचाळीस पानांच्या मजकुरावर मार्गदर्शकांची एकही खूण तिन्ही वेळा आढळली नाही, त्यांनी तो वाचला होता किंवा कसे, हे प्रस्तुत लेखिकेस ज्ञात नाही.’

“आक्का,” मी म्हणालो, “सर प्रुफं बघणार हायत.”

“बघू देत. नाव दिसंल. नाव बघून थांबलं तर मी हातानं काढून टाकीन ह्ये. यमाईची आण.”

मला सांगायला लाज वाटते, पण मी घाबरलो होतो. माझी तोंडी परीक्षा व्हायची होती आणि गुण सरांच्या हातात होते. मी त्या रात्री जेवलो नाही. पण कुणाला सांगितलंही नाही. यातलं चांगलं काय आणि वाईट काय, मला अजून ठरवता येत नाही.

सर प्रुफं बघायला दुकानात आले. प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. पट्टी काढली. पान उलटत, मोजत, उलटत, मोजत गेले. मी झेरॉक्स मशीनमागं उभा होतो. एकतिसावा लेख आला. सरांची पट्टी आक्कांच्या नावावर थांबली. आक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सरांनी लाल पेन काढलं आणि नावाभोवती गोल काढला.

“लेखकाचं नाव उजवीकडे हवं. हे मधे आलंय.”

“आत्ता करते, सर,” आक्का म्हणाल्या.

सर पुढं गेले. ‘या लेखनाची वाटचाल’ हे शीर्षक त्यांनी मोजलं. वरून, खालून. मान हलवली. बरोबर होतं. मग शेवटच्या पानावर लिहिलं, ‘छपाईस योग्य’, खाली सही. उठताना म्हणाले, “काम स्वच्छ आहे तुमचं. शिकलेल्या दिसता.”

“थोडं,” आक्का म्हणाल्या.

ते पायऱ्या उतरून गेल्यावर त्यांनी आधी नाव उजवीकडे घेतलं. मग चहा मागवला. दोघांचा. कपाला हात लावला नाही.

समारंभाला मी गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो. हार, शाल, भाषणं. ग्रंथ वाटले. सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ग्रंथ उघडून दाखवला. “आजवर असंख्य प्रबंध पाहिले,” ते म्हणाले, “पण इतकी निर्दोष शीर्षके...” टाळ्या. माझ्या आसपास कुणीही पानं उलटली नाहीत. लोक ग्रंथ मांडीवर ठेवून त्याच्यावर जेवणाचं कूपन ठेवत होते.

मी आठ दिवस वाट बघितली. मग पंधरा. काही नाही. गौरवग्रंथ कोण वाचतं? आम्ही एवढं सगळं केलं आणि तो सूड लोकांच्या कपाटात, टीव्हीच्या खाली, पिशवीत पडून राहिला. मला तेव्हा सरांपेक्षा आख्ख्या जगाचा राग आला.

बी.एड.साठी साताऱ्याला निघालो तेव्हा दुकानात गेलो. आक्का ग्रंथाच्या प्रती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. अक्षरजुळणी करणाऱ्याला मिळतात तशा थोड्या प्रती त्यांना मिळाल्या होत्या. बापू सुतळी बांधत होते. ज्यांच्या पेट्यांतून पत्रं घेतली होती त्या औंधच्या घरोघरी एकेक प्रत पाठवायची होती.

“त्यांना कुठं वाचाय येतंय आक्का,” मी म्हणालो. “निम्मी म्हातारी माणसं.”

“येऊ नगं. घरात राहील.” सुतळी दातानं तोडून त्या म्हणाल्या, “जा, गाडी जाईल. आन् शीर्षकं हातानं मोठी करू नगंस तिथं.”

एसटीच्या खिडकीतून मी वळून बघितलं. त्या पायरीवर उभ्या होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. गठ्ठे मोजत होत्या.

मी साताऱ्याहून फोन करायचो. “काय कळलं का?” “न्हाई रं. तुझा अभ्यास कसा चाललाय?” पुढं मी विचारायचं बंद केलं.

बातमी आणली बापूंनी. साताऱ्याला मिलिटरी कँटीनला आले होते, मला स्टँडवर बोलावलं. बसतात न बसतात तोच म्हणाले, “तुला कळलं न्हाई अजून? पट्टीवाल्यानं वाचलं!”

मी बाकावर त्यांच्याजवळ सरकलो.

“रिटायर झाला. घरी बसून करायचं काय? सोताच्या कौतुकाचं पुस्तक वाचाय घेतलं. पयल्या पानापासनं. जाईल जाईल तर एकतिसाव्यापातूर गेला.”

“मग?”

“मग काय! आता घरोघर हिंडतोय. कुंडलात सगळ्यांच्या दारात जाऊन आला. म्हणतोय, छपाईत दोष राहिलाय, पुस्तक परत द्या, दुरुस्त करून देतो. लोक म्हणायचं, सर, दोष कुठल्या पानाव? ते सांगंना. मग लोकांनीच पुस्तकं काढली, दोष हुडकाय. आमच्या गल्लीत जो तो वाचतोय बघ!”

“कुणी परत दिलं?”

“एकानंबी न्हाई. दुकानात आला हुता की. तुझ्या आक्कानं इचारलं, वाचलं व्हय सर? तर म्हणाला, वाचलं. मग ही म्हणती, कसं हाय? तर म्हणाला, शीर्षकं निर्दोष हायत. ही म्हणाली, शीर्षकाचं न्हाई इचारलं मी. मग तसाच पायऱ्या उतरून गेला.”

मला आनंद झाला. तो चांगला आनंद होता, असं मी म्हणणार नाही. मी बापूंना दोनदा तेच सांगायला लावलं.

“आक्का काय म्हणाल्या मग?”

“काय न्हाई. कामाला लागली. पर खरी गंमत म्होरंच हाय. परवा औंधाला गेला ना त्यो. प्रती तिकडं गेल्यात हे कुणीतरी सांगितलं त्याला. एक म्हातारी हाय, तिचा मालक फौजेत गेलेला, परत आलाच न्हाई. त्याचं पत्र तुझ्या आक्कानं त्यात घातलंय. सरांनी पुस्तक मागितलं. म्हातारी म्हणाली, नेता तर न्या, पर मला वाचाय येत न्हाई, आदी त्येवढं वाचून दावा. आन् दारातच बसली, पाय पसरून. जायाला वाट न्हाई.”

“वाचलं त्यांनी?”

“वाचाय लागलं की. मोठ्यानं. शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. सरांचा आवाज बसाय लागला, पानं भराभर उलटाय लागलं. म्हातारी मधीच सरांच्या गुडघ्याला हात लावायची म्हणं, आन् म्हणायची, हळू वाचा, सर. मागलं परत एकदा वाचा.”